शरीरातल्या व्हायरसचं गणित मांडता येतं का आणि मांडून फायदा काय?

येतं की, आणि फायदाही होतो. तुम्ही विचारलंय की इम्युनिटी एवढी गुंतागुंतीची असताना ती दोन-चार समीकरणांत कशी बसणार, तर बसत नाहीच. बेसिक मॉडेलमध्ये फक्त तीन गोष्टी मोजतात, निरोगी पेशी किती, इन्फेक्ट झालेल्या किती आणि मोकळे फिरणारे व्हायरस किती. व्हायरस निरोगी पेशीत शिरला की ती इन्फेक्टेड, मग ती नवे व्हायरस सोडत राहते आणि काही दिवसांत मरते, आणि मोकळे व्हायरस शरीर सतत साफ करत असतं. बास, एवढंच.

एवढ्यातून काय कळणार असं मलाही वाटायचं, पण एचआयव्हीचं बघा. सुरुवातीचे आठवडे गेले की रक्तातला व्हायरस कित्येक वर्षं जवळपास एकाच पातळीला असतो, त्यामुळे तो आत निवांत पडून असेल असं वाटणं साहजिक होतं. पण टाकीतलं पाणी हलत नाही म्हणजे नळ बंदच आहे असं थोडंच असतं, नळ धो धो चालू असेल आणि खालून तेवढंच गळत असेल तरी पातळी तीच दिसणार ना. खरं काय ते नळ बंद केल्यावरच कळतं, आणि औषधाने नेमकं तेच केलं. 1996 मध्ये ॲलन पेरेलसन, डेव्हिड हो वगैरे संशोधकांनी 5 पेशंटना रिटोनाविर हे एचआयव्हीचं औषध देऊन पहिल्या काही दिवसांत पुन्हा पुन्हा रक्त तपासलं आणि आकडा कसा उतरतो ते मॉडेलला लावून बघितलं, तर निघालं काय, की रोज 1000 कोटींच्या वर व्हायरस तयार होतायत आणि रक्तातले अर्धे 6 तासांत साफ होतायत! आता एवढ्या कॉप्या रोज निघतायत आणि जीनोम, म्हणजे व्हायरसचा जेनेटिक मजकूर, साधारण 10 हजार अक्षरांचा, म्हणजे कॉपी करतानाच्या चुकांमुळे जवळपास प्रत्येक अक्षराचा बदल रोज कुठेतरी होतच असणार, औषधाला न जुमानणारा बदलही त्यात आलाच, मग एकटं औषध टिकणार कसं? तीन औषधं एकदम द्यायची ती याचसाठी.

आता इम्युनिटी. इथे मात्र जपून. फ्लूमध्ये व्हायरस दोन-तीन दिवसांत शिखर गाठून खाली येतो. 2006 च्या एका पेपरात मुद्दाम इन्फेक्ट केलेल्या 6 स्वयंसेवकांचा डेटा या साध्या मॉडेलला चांगला बसला होता, म्हणजे इम्युनिटी वेगळी न घालताच, कारण मॉडेलच्या हिशोबाने निरोगी पेशीच संपतात आणि व्हायरसला खायला उरत नाही. इंटरफेरॉन, म्हणजे इन्फेक्शन झालं की पेशी सोडतात ते व्हायरसला रोखणारं प्रोटीन, घातलेलं मॉडेलही बसतं. मग इम्युनिटीने वाचवलं की पेशी संपल्या म्हणून थांबलं? नुसत्या व्हायरल लोडच्या, म्हणजे व्हायरस किती आहे त्याच्या, ग्राफवरून हे सांगता येत नाही, त्यासाठी इंटरफेरॉन, इन्फेक्टेड पेशी मारणाऱ्या टी-सेल्स हेही मोजायला लागतात. मी पहिल्यांदा कर्व्ह फिट केला, म्हणजे मॉडेलची रेघ डेटाला बसवली, तेव्हा ग्राफ सुंदर आला म्हणून खूश झालो होतो, नंतर लक्षात आलं की सुरुवातीच्या पेशी दुप्पट आणि दर पेशीमागचं व्हायरस उत्पादन निम्मं केलं तरी अगदी तीच रेघ येते. व्हायरसच्या डेटातून त्या दोघांचा फक्त गुणाकार मिळतो, स्वतः करून बघणार असाल तर त्यातला एक आकडा आधीच पक्का धरा.