नॉर्वेच्या किनाऱ्याने बोटीतून बर्गन ते किर्केनेस, पहिल्यांदाच जाताय ना?

नक्की जा! जमलं तर मार्चमध्ये. डिसेंबरात वाटेतल्या ट्रॉम्सोला सूर्य उगवतच नाही. मार्चमध्ये दिवसा बर्फाचे डोंगर दिसतात आणि रात्री अरोरासाठी, म्हणजे आकाशातल्या त्या रंगीत प्रकाशासाठी, पुरेसा अंधारही मिळतो.

सगळ्यात जास्त चुका कपड्यांत होतात. भलं मोठं जॅकेट घेतात आणि आत सुती बनियन! तो घामाने ओला झाला की डेकवर लगेच हुडहुडी भरते. अंगालगत लोकरच हवी. कॅमेऱ्याची जादा बॅटरीही आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

आणखी तीनच गोष्टी:
- बुटांना लावायचे काटे. धक्क्यावरचा बर्फ काचेसारखा असतो.
- बोट ३४ बंदरं घेते, काही ठिकाणी जेमतेम पाव तास. उशीर झाला तर ती थांबत नाही.
- वाटेत हुस्टाडविका या पट्ट्यात उघडा समुद्र लागतो. बोट लागण्यावरची गोळी त्याआधीच घ्या.