तपासणीच्या आधी फाइल का फोर्कलिफ्ट?

प्रश्न : नमस्कार. आमचं छोटं गोडाऊन आहे, दहा-बारा माणसं, एक फोर्कलिफ्ट आणि रॅकच्या चार रांगा. आता सेफ्टीची तपासणी कडक होणार, न सांगता येणार, दंडही वाढणार असं ऐकतोय. एक कन्सल्टंट म्हणतो सगळी फाइल तयार करून देतो, पाट्या पण मीच लावतो. द्यावं का त्याला काम? बजेट जास्त नाहीये.

उत्तर : फाइल लागते, नाही असं नाही, पण ती शेवटी. पाहुणे यायच्या आधी पसारा कपाटात कोंबतात तसलं काम आहे हे, आणि इन्स्पेक्टर कपाट उघडतोच. तो आधी गोडाऊनमध्ये फिरतो, मग एखाद्या हेल्परला बाजूला घेऊन विचारतो की आग लागली तर कुठून बाहेर पडशील, फोर्कलिफ्ट कोण कोण चालवतं. तिथे माणूस गडबडला की तुमच्या फाइलमधलं ट्रेनिंग झालं का नाही ते त्याला लगेच कळतं. एकाच पेनाने एकाच दिवशी भरलेलं वर्षभराचं रजिस्टर तर लांबूनच ओळखू येतं हो.

पैसे कमी असतील तर आधी फोर्कलिफ्टकडे बघा, कारण गोडाऊनमधले जीवावर बेतणारे अपघात बरेचसे तिथेच होतात. माणसांची चालायची वाट आणि गाडीची वाट वेगळी करा. नुसता पिवळा पट्टा मारून भागत नाही, आठवड्यात त्यावर माल येऊन बसतो, म्हणून जिथे जमेल तिथे लोखंडी कठडाच लावा, आणि रांगेच्या टोकाला जिथे समोरचं दिसत नाही तिथे गोल आरसा. ड्रायव्हर ठरलेलेच, ट्रेनिंग झालेले, बाकी कुणाच्या हाती चावी जाता कामा नये. आणि बेल्ट! गाडी कलंडायला लागली की माणूस सहज उडी मारतो आणि नेमका तिच्याखालीच सापडतो; बेल्ट लावून आत बसून राहायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि कलण्याच्या उलट्या बाजूला झुकायचं, हे सगळ्यांना करून दाखवा. अजून एक, गाडी २ टनाची आहे म्हणजे कुठलाही २ टन माल उचलेल असं नसतं. गाडीवरच्या क्षमतेच्या प्लेटवर लोड सेंटर लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा ५०० मिमी, म्हणजे काट्याच्या (ज्यावर माल उचलतात त्या पुढच्या दांड्यांच्या) उभ्या भागापासून मालाचा मध्य अर्ध्या मीटरवर असेल तरच ते २ टन खरे, लांब पेटी घेतली की क्षमता घटते.

मग रॅक. खाली फोर्कलिफ्टचा धक्का बसून वाकलेला खांब बहुतेक गोडाऊनमध्ये असतो आणि सवयीने तो कुणाला दिसतच नाही. १ मीटरची सरळ पट्टी लावून बघा. युरोपातल्या ईएन १५६३५ ह्या स्टँडर्डप्रमाणे खांब बीमच्या (माल पेलणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) दिशेने ५ मिमीपेक्षा जास्त किंवा रॅकच्या पुढून-मागे अशा दिशेने ३ मिमीपेक्षा जास्त वाकला असेल तर दुरुस्ती लागते, आणि ह्याच्या दुप्पट किंवा वर गेला असेल तर तो भाग त्याच वेळी रिकामा करायचा. हातोडीने ठोकून सरळ केला तर चालत नाही, खांब कमजोरच राहतो, बदलायचाच. बीमच्या सेफ्टी पिना आहेत का ते बघा, त्या फार निसटून पडतात. किती वजन ठेवायचं त्याचा बोर्ड रॅकवर हवा, आणि तुम्ही मधे बीम वरखाली केले असतील तर जुना बोर्ड उपयोगाचा नाही.

आगीचं थोडक्यात : बाहेर पडायच्या दारापुढे थप्पी नको, दाराला आतून कुलूप नको. वर स्प्रिंकलर (आगीत आपोआप पाणी फवारणारे नळ) असतील तर माल त्यांच्या खाली साधारण ४५ सेंमी राहिला पाहिजे, काही प्रकारांना ९० सेंमी लागतात. फोर्कलिफ्टच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, तर चार्जिंग हवा खेळती असेल तिथेच.

एवढं झालं की कन्सल्टंटला बोलवा, पण फाइल विकत घेऊ नका, त्याला गोडाऊन फिरवा आणि धोके लिहून काढायला सांगा, बरोबर तुमचा सुपरवायझर ठेवा. आणि 'थोडक्यात वाचलो' ह्या प्रसंगांची एक वही दारापाशी ठेवा, लिहिणाऱ्यावर ओरडू नका म्हणजे झालं, नाहीतर ती कोरीच राहील.

प्रश्न : वरच्या रॅकवरचा माल मोजायला आम्ही माणसाला पॅलेटवर उभं करून फोर्कलिफ्टने वर चढवतो. पाचच मिनिटांचं काम असतं. हे तपासणीत अडकेल का?

उत्तर : अडकेल, आणि अडकलंच पाहिजे. पॅलेट काट्यावर नुसतं टेकलेलं असतं, माणूस जरा कडेला वाकला की पॅलेटसकट खाली. माणसासाठी बनवलेला, कठडे असलेला आणि गाडीला पक्का लॉक होणारा पिंजरा मिळतो, तोही तुमच्या गाडीला चालतो का हे कंपनीकडून विचारून घ्या. नेहमी वर जावं लागत असेल तर चाकांची प्लॅटफॉर्मवाली शिडी घ्या, नाहीतर सरळ पॅलेट खाली उतरवून जमिनीवर मोजा, वेळ लागेल थोडा.