क्रमांकामागची फाईल

बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझी एक्सेल शीट काल रात्री उघडून बघितली. बारा कॉलेजं, डावीकडे एनआयआरएफचा, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीतला क्रमांक, त्या क्रमानं वरून खाली लावलेली. ज्यांना क्रमांकच नाही अशी तीन तळाशी, राखाडी रंगात. आणि शेवटी तुझा प्रश्न: "मावशी, हाच क्रम प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्ममध्ये टाकू ना?"

नको टाकूस. घाईनं नाही म्हणत. आमच्या कॉलेजची एनआयआरएफची माहिती भरायचं काम सहा वर्षं माझ्याकडे होतं, त्यामुळे हा क्रमांक कशाचा बनतो ते मी आतून पाहिलं आहे. तो खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. पण तुला जे विचारायचं आहे त्याचं उत्तर त्यात फार थोडं आहे.

केंद्र सरकारनं ही व्यवस्था 2015 मध्ये आणली आणि पहिली यादी 2016 मध्ये आली. इंजिनिअरिंगच्या यादीत शंभरपैकी 30 गुण अध्यापन आणि साधनांना, 30 संशोधनाला, 20 पदवीनंतर मुलांचं काय झालं याला, 10 समावेशकतेला, म्हणजे मुली किती, परराज्यातली आणि दुर्बल घटकांतली मुलं किती याला, आणि उरलेले 10 लोकांच्या मनातल्या प्रतिमेला. संशोधनाचे 30 म्हणजे शोधनिबंध, त्यांचे इतरांनी घेतलेले संदर्भ, पेटंट, प्रकल्पांचा निधी. हे सगळं महत्त्वाचं आहे, आणि पीएच.डी. करायला निघाली असतीस तर मीच तुला आधी तो रकाना बघायला लावला असता. पण तू बी.टेक.ला चालली आहेस. दुसऱ्या वर्षी सिग्नल्स अँड सिस्टिम्स तुला कोण आणि कसं शिकवणार, हे त्या 30 गुणांतून कळत नाही. आणि क्रमांक असतो सबंध संस्थेचा. तुला हवं असलेलं इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे ईएनटीसी, तिथं कसं आहे, हे त्या यादीत कुठंच नाही.

मग क्रमांक कधी मानायचा? यादीच्या अगदी वरच्या टोकाला मानावा. आयआयटी मद्रास 2016 पासून 2025 पर्यंत दरवर्षी इंजिनिअरिंगमध्ये पहिली आली, तिथं प्रवेश मिळत असेल तर मी तुला एवढं पत्र लिहीत बसले नसते. तिथली प्रयोगशाळा, तिथले शिक्षक आणि मुख्य म्हणजे बाकावर शेजारी बसणारी मुलं, हा फरक खरा आहे आणि तो चार वर्षांत माणसाला घडवतो. पण खाली येशील तसे गुण दाटीवाटीनं बसलेले असतात. साठाव्या आणि पासष्टाव्या क्रमांकात जे अंतर दिसतं ते प्रत्यक्षात काही दशांश गुणांचं असतं. शंभरच्या पुढं तर क्रमांकही नसतो, 101 ते 150, 151 ते 200 असे गट असतात आणि गटातली नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेली असतात. तुझ्या शीटमध्ये तू त्या गटातल्या दोन कॉलेजांना 101 आणि 102 असे आकडे दिले आहेस. ते तिथून काढून टाक.

एक गोष्ट सांगते, आजवर घरात फारशी कुणाला सांगितली नाही. माझा भाचा बारावी झाला तेव्हा त्यानंही मला असंच विचारलं होतं. त्याच्या हातात दोन कॉलेजं होती. एक घरापासून तासाभरावरचं, जुनं, यादीत कुठंच नसलेलं. दुसरं लांबचं आणि यादीतलं. मी क्रमांक बघितला आणि दुसरं सांगितलं. फी भरायला माझ्या बहिणीनं कर्ज काढलं. तिथं गेल्यावर कळलं की त्याची शाखा आदल्याच वर्षी सुरू झाली होती. कॉलेजचं नाव होतं ते दुसऱ्या दोन विभागांच्या जोरावर, आणि ते विभाग खरोखर चांगले होते. याच्या विभागात पहिल्या दोन वर्षांत चार शिक्षक येऊन गेले. पोरगा हुशार, पुढं मार्गी लागला. पण तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत माझ्या स्वयंपाकघरात बसून तो म्हणाला, "मावशी, मला अजून ऑसिलोस्कोप नीट लावता येत नाही." ऑसिलोस्कोप म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं, या शाखेतलं रोजचं यंत्र. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. मी एक फोन केला असता तर विभाग कधी सुरू झाला ते कळलं असतं.

म्हणून आता तुझ्याकडून काम करून घेणार आहे.

एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला, त्यांनी भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. पीडीएफ असते. क्रमांक सगळे बघतात, ती फाईल कुणी उघडत नाही. तू उघड. त्यात प्लेसमेंट आणि उच्च शिक्षणाचा तक्ता शोध. एका ओळीत असतं: पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती, आणि पुढं शिकायला किती गेले.

समज, एका कॉलेजात 420 जण आले, डिप्लोमाचे 40 मिळाले, म्हणजे 460. वेळेत पास झाले 300. नोकरी 190 जणांना, पुढं शिकायला 30 गेले. आता वजाबाकी कर. 160 जण वेळेत पदवीपर्यंत पोचले नाहीत आणि पोचलेल्यांतल्या 80 जणांचं काय झालं ते या कागदावर नाही. याच कॉलेजच्या फ्लेक्सवर एका मुलाचा फोटो आणि त्याच्या पॅकेजचा भला मोठा आकडा असू शकतो. तो मुलगा खरा, त्याचा पगारही खरा. पण तू त्या 460 मध्ये असणार आहेस, म्हणून मध्यक बघ. नोकरी लागलेल्यांना पगाराप्रमाणे ओळीनं उभं केलं तर बरोबर मधल्याचा पगार तो. हे आकडेही सगळ्या शाखांचे एकत्र असतात. तेव्हा कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसला फोन करून ईएनटीसीचे वेगळे विचार, आणि त्यातले इलेक्ट्रॉनिक्सच्या कामावर किती लागले आणि सॉफ्टवेअरमध्ये किती गेले तेही विचार. सॉफ्टवेअरमध्ये जाणं वाईट नाही. पण तुला चिप डिझाइनचं वेड आहे, हे मला ठाऊक आहे.

त्याच फाईलमध्ये पुढं शिक्षकांची यादी असते: शिक्षण, अनुभव, रुजू झाल्याची तारीख, नेमणूक नियमित की कंत्राटी. ही यादी सबंध कॉलेजची असते, म्हणून शेजारी ईएनटीसी विभागाचं वेबपान उघडून नावं जुळव. रुजू होण्याच्या तारखा पेन्सिलनं लिहून काढ. दहा-बारा वर्षं टिकलेली पाच-सहा माणसं एका विभागात दिसली, तर तो विभाग चालतो आहे असं मी समजते. निम्मी नावं गेल्या दोन वर्षांतली असतील तर का, ते विचारायचं. आणि एनबीएचं मानांकन बघ. नॅक आणि एनबीए दोन्ही शिक्षणाचा दर्जा तपासतात; नॅकचं मानांकन सगळ्या संस्थेला मिळतं, एनबीएचं मात्र शाखेला. ईएनटीसीला आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत आहे, दोन्ही बघायचं.

आता पैशाचं, कारण आई तुझ्यासमोर बोलणार नाही. तू ओबीसीतून अर्ज करते आहेस आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झालेला हवा, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना ती सवलत लागू नाही. तुझ्या शीटमधली वरची दोन नावं अभिमत विद्यापीठांची आहेत. ती चांगली आहेत, मी नाही म्हणत नाही. पण तिथं सगळी फी घरातून जाईल, आणि खालच्या सात ठिकाणी तेच शिक्षण शुल्क शून्य आहे. खोली, मेस आणि इतर शुल्क सगळीकडे धरायचंच. हा फरक तुझ्या शीटमध्ये कुठल्याच रकान्यात नाही. एक रकाना वाढव, चार वर्षांचा मिळून खर्च लिही, आणि मग बाबांना दाखव. नॉन क्रीमीलेयरचं प्रमाणपत्र चालू मुदतीतलं आहे ना, तेही आजच काढून बघ.

तू राखाडी केलेल्या तीन कॉलेजांबद्दलही सांगायचं आहे. आपल्याकडे पुण्याचं सीओईपी 1854 चं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं, सांगलीचं वालचंद 1947 चं. या नावांचा दबदबा एनआयआरएफच्या कितीतरी आधीचा आहे, कंपन्यांची माणसं तिथं कुठली यादी बघून जायला लागली नाहीत. तसंच लहान गावांतलंही असतं. एखाद्या कॉलेजनं यादीसाठी अर्जच केलेला नसतो. एखाद्याचे शिक्षक शिकवण्यात जीव ओततात आणि शोधनिबंध मोजकेच लिहितात, त्यामुळे संशोधनाच्या 30 गुणांत ते मागं पडतं. क्रमांक नाही म्हणून ते कॉलेज वाईट, असा निष्कर्ष निघत नाही. चांगलंच असेल असाही निघत नाही. जाऊन बघावं लागतं.

बघायला दुपारी तीनच्या सुमारास जा, प्रॅक्टिकल चालू असताना. स्वागतकक्ष आणि सभागृह दाखवायला नेतील, ते बघून घे आणि मग म्हण, मला इलेक्ट्रॉनिक्सची लॅब बघायची आहे. आत गेलीस की ऑसिलोस्कोपच्या प्रोबकडे बघ. प्रोबच्या टोकाचा हुक झिजलेला असेल, वायरवर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असेल, तर आनंद मान. पोरांनी तो वापरला आहे. सोल्डरिंग गनचं टोक काळं पडलेलं असावं, ब्रेडबोर्डवर कुणाचं तरी अर्धवट सर्किट ठेवलेलं असावं. सगळी उपकरणं प्लॅस्टिकच्या वेष्टनात असतील आणि टेबलावर एक ओरखडा नसेल तर मला लगेच कळव. तिथल्या लॅब असिस्टंटशी बोल. वर्ग संपल्यावर लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते, हे प्राचार्यांपेक्षा तो खरं सांगेल. ग्रंथालयात तुझ्या विषयाची चार पुस्तकं काढून मागच्या तारखांच्या चिठ्ठीवरचे शिक्के बघ. आणि मुलींच्या वसतिगृहात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी एकटीच बोल, बाबांना बाहेर थांबव. पाणी, जेवण, रात्री लॅबमधून परत यायची सोय हे सगळं त्या सांगतील. चार वर्षं तिथं काढायची आहेत.

दादाचंही विचारलं आहेस. परदेशात एम.एस. करायला तो क्यूएसची, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांची यादी घेऊन बसलाय. त्याला सांग, त्या यादीतले 30 टक्के गुण जगभरच्या प्राध्यापकांच्या मतांचे आणि 15 टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांचे असतात, म्हणजे जवळजवळ निम्मा क्रमांक नावलौकिकाचा. आणि विद्यापीठं स्वतः जी माहिती देतात तिचंही एक उदाहरण त्यानं वाचावं. अमेरिकेतलं कोलंबिया विद्यापीठ तिथल्या एका नावाजलेल्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. 2022 मध्ये तिथल्याच मायकेल थॅडियस नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं आकडे तपासले. विद्यापीठ म्हणत होतं, आमचे 82.5 टक्के वर्ग वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे. त्यानं वेळापत्रकावरून मोजले तर ते 63 ते 67 टक्क्यांच्या दरम्यान निघाले. त्याच वर्षी कोलंबिया अठराव्या क्रमांकावर गेलं. कोलंबिया तेव्हाही मोठं होतं, आजही आहे. तिथल्या वर्गांत तेवढ्या महिन्यांत काही बदललं नव्हतं, आकडा मात्र सोळा पायऱ्या खाली आला. आपल्याकडेही 2020 मध्ये सात आयआयटींनी पारदर्शकतेचा प्रश्न उभा करून टाइम्स हायर एज्युकेशन या दुसऱ्या जागतिक क्रमवारीत भाग घ्यायचं नाकारलं होतं. दादासाठी एका ठिकाणी मात्र क्रमांक खरोखर कामाचा आहे. ब्रिटननं 2022 मध्ये सुरू केलेला हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल व्हिसा जागतिक याद्यांतल्या वरच्या विद्यापीठांच्या पदवीधरांनाच मिळतो. तिकडं जायचा विचार असेल तर त्यानं ती यादी जरूर बघावी.

आता ऑप्शन फॉर्म. त्यातला क्रम तुझ्या पसंतीचा असू दे. गेल्या वर्षीच्या कटऑफचा नको, क्रमवारीचाही नको. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. म्हणून एक नंबरला तेच लिही, जे मिळालं तर त्या संध्याकाळी तू आनंदानं पेढे वाटशील. कॉलेज आणि शाखा यांत ओढाताण झाली तर माझं मत शाखेच्या बाजूनं आहे. मात्र त्या शाखेचा विभाग तू डोळ्यांनी बघितलेला असला पाहिजे.

रविवारपर्यंत बारापैकी पाच कॉलेजांच्या फाईली उघड. प्रवेश किती, वेळेत पास किती, मध्यक पगार किती आणि दहा वर्षांवर टिकलेले ईएनटीसीचे शिक्षक किती, एवढे चारच आकडे मला पाठव. राखाडीतलं निदान एक त्यात असू दे. एखाद्याची फाईल सापडली नाही तर तसं लिही. शनिवारी मला सुट्टी आहे. त्यातलं सगळ्यात जवळचं कॉलेज बघायला मीच येते तुझ्याबरोबर. बाबांना सांग, सकाळची एसटी धरू. प्रॅक्टिकलच्या वेळेआधी पोचायला हवं.

तुझी,
मावशी