घरात शाळा भरवली, पण मूल बसेना

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, गेले आठ महिने आम्ही त्याला घरीच शिकवतोय. त्यासाठी मी नोकरी अर्धवेळ करून घेतली. नऊ ते बारा टाइमटेबल आहे, भिंतीवर तक्ते आहेत, विषयवार कव्हर घातलेल्या वह्या आहेत. पहिले दोन आठवडे मस्त गेले. आता वही काढली की त्याला शू लागते, मग तहान लागते, मग पेन्सिलचं टोक मोडतं. एकवीस लिही म्हटलं की १२ लिहितो, पंचवीसचे ५२ करतो, ३ चा ६ होतो. काल मी वही भिरकावली आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. सासूबाई म्हणतात, शाळेत असता तर एव्हाना पाढे पाठ झाले असते. मी त्याचं नुकसान करतेय का?
– एक दमलेली आई

उत्तर : वही भिरकावणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, मी पट्टी मोडलीये. तीही लाकडी.

माझी मुलगी सहाची असताना मीसुद्धा घरात अख्खी शाळा भरवली होती, फळा आणलेला, घंटा आणलेली, आणि आता सांगायला लाज वाटते पण मी हजेरीसुद्धा घ्यायचे, एकाच मुलीची! ती बिचारी "हजर" म्हणायची. एक दिवस अकरा वाजता मी फळा पुसत होते तर मागून म्हणाली, "बाई संपल्या का? मग आता आईला बोलाव ना, मला तिला एक सांगायचंय." तिचा पहिला दात हलायला लागला होता. सकाळी उठल्यापासून हलत होता आणि दोन तास ती जिभेने तो ढकलत माझ्यासमोर बेरजा करत बसली होती, कारण बाईंना कसं सांगणार. घंटा मी त्याच दिवशी माळ्यावर टाकली, फळा नंतर बरेच दिवस चित्रं काढायला कामी आला.

तुमच्याकडे मला तेच दिसतंय. नऊ ते बारा हे शाळेचं गणित आहे हो. चाळीस मुलांच्या वर्गात तीन तास लागतात कारण त्यात हजेरी असते, वह्या वाटणं असतं, बाकीच्यांचं होईपर्यंत थांबणं असतं, कुणीतरी कुणालातरी ढकललेलं असतं. समोर एकच मूल असेल तर त्यातला सलग लिहिण्या-वाचण्याचा भाग फार थोडा उरतो. या वयाला पंधरा मिनिटं सकाळी आणि पंधरा मिनिटं नंतर कधीतरी, एवढं पुरे, आणि तेही त्याचं डोकं ताजं असताना. उरलेल्या वेळात काय करायचं असं विचाराल, तर त्याला पुस्तक वाचून दाखवा, घरातली कामं बरोबर करा, आणि त्याला कंटाळा आला तर येऊ द्या. शू, तहान आणि पेन्सिल हे त्याचं "आता बास" आहे, सरळ म्हणायची सोय नाही म्हणून असं म्हणतोय.

आता १२ आणि ५२. यात त्याची चूक निम्मीच आहे, निम्मी आपल्या भाषेची. एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो मग वीस, पंचवीसमध्ये आधी पाच. मूल ऐकतं त्या क्रमाने लिहितं, म्हणजे कान नीट चालू आहेत. एकोणतीस तर अजूनच गंमत, तो 'तिसाला एक कमी', पण पोराला तीस ऐकू येतं म्हणून तो ३९ लिहून मोकळा. (२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! माझं मत विचाराल तर घरी दोन्ही म्हणावं, भाषा काही बुडत नाही.) वही बंद करा आणि काड्या घ्या. दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा, थोड्या सुट्या ठेवा. पंचवीस म्हणा, त्याला उचलू दे. दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे, मग त्यांच्याच खाली आकडे लिहायचे. आम्ही हे महिनाभर रोज थोडं थोडं केलं आणि एक दिवस ती स्वतःच म्हणाली की पाच आधी बोलायचे पण नंतर लिहायचे. एकोणतिसाला तीन गठ्ठे घ्यायचे आणि एकातून एक काडी काढून घ्यायची, ही युक्ती तिचीच.

३ आणि ६ चं टेन्शन घेऊ नका, आपले हे दोन आकडे जवळजवळ एकमेकांचे आरशातले आहेत. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच, हे मूल जन्मापासून शिकत आलेलं असतं, आणि अचानक आपण सांगतो की इथे मात्र तोंड फिरलं की वस्तूच बदलते. सहा-सात वर्षांच्या पुष्कळ मुलांचं असं होतं. आठ उलटल्यावरही तसंच राहिलं किंवा वाचताना अक्षरांशी फारच झटापट होत असेल तर मात्र तज्ज्ञांना दाखवा, "होईल हळूहळू" म्हणत बसू नका.

सासूबाईंच्या पाढ्यांबद्दल. एक प्रयोग करून बघा, स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांबरोबर करायचे त्यातला. सहा-सहा बटणांच्या दोन सारख्या रांगा लावा, मग त्याच्यासमोरच एक रांग पसरून लांब करा आणि विचारा, जास्त कुठे? लहान मुलं बेधडक लांब रांग दाखवतात. साधारण सहा-सातच्या सुमाराला "सारखीच आहेत, तू नुसती पसरलीस" असं उत्तर यायला लागतं. हे उत्तर अजून येत नसेल तर पाढा म्हणजे नुसतं गाणं, म्हणू दे हवं तर, आजीलाच म्हणून घेऊ दे रोज झोपताना. खरंच सांगतेय, टोमणे निम्मे होतात आणि तुम्हाला वीस मिनिटं मिळतात.

नुकसान होतंय का, तर आठ महिन्यांत नाही. पण रोज रडायची वेळ येत असेल तर आधी पंधरा दिवस वह्या पूर्ण बंद ठेवा. त्यानंतरही तुम्हालाच नको वाटलं तर त्याला शाळेत घाला, त्यात हरण्यासारखं काही नाही. माझी मुलगी दहाव्या वर्षी स्वतःहून गेली शाळेत, मैत्रिणी हव्या होत्या म्हणून.

प्रश्न : आमची मुलगी सात वर्षांची, घरीच शिकते. मला कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवतेय. तिथे होमस्कूलिंग चालू ठेवता येईल का?
– एक बाबा

उत्तर : नाही. जर्मनीत मुलाने प्रत्यक्ष शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरी छान शिकवतो हे कारण चालत नाही. शेजारच्या ऑस्ट्रियात चालतं, पण दरवर्षी परीक्षा द्यावी लागते, आणि फ्रान्समध्ये २०२२ पासून आधी परवानगी काढावी लागते. तेव्हा तिकीट काढायच्या आधी शाळेचं बघा आणि तिला आत्तापासून थोडं जर्मन कानावर पडू द्या. आकड्यांचं तिला नवल वाटणार नाही, पंचवीस म्हणताना तेही आधी पाचच म्हणतात.