मामियाची जुनी लेन्स फुल फ्रेमवर चालेल का?

प्रश्न: काकांच्या मामिया ६४५ ची (मोठ्या, मीडियम फॉरमॅट फिल्मचा कॅमेरा) ८० एमएम एफ २.८ लेन्स घरात पडून आहे, माझ्या सोनी फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर बसेल का? आणि फोकल लेंथ बदलते का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: बसते की, आरामात बसते! मामियाचं फ्लँज अंतर (लेन्स बसते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं) ६३.३ एमएम आणि सोनी ई माउंटचं, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याच्या लेन्स-जोडणीचं १८, म्हणजे मधे ४५.३ एमएमची नुसती पोकळ नळी लागते, काच नसलेलाच अडॅप्टर घ्या. फोकल लेंथ बदलत नाही, ८० ची ८० च राहते, फक्त ६४५ वर ती नॉर्मल लेन्स होती, तुमच्याकडे पोर्ट्रेटची होईल. फोकस हातानेच, आणि मेनूत लेन्सशिवाय शटर चालू ठेवायचा पर्याय ऑन करा. लेन्सवरचा छोटा ए-एम (ऑटो-मॅन्युअल) खटका एम वर ठेवायचा हं, नाहीतर अॅपर्चरची रिंग कितीही फिरवा, उजेड कमी-जास्त करणारी आतली पाती मिटतच नाहीत. हूड लावाच, कारण मोठ्या फॉरमॅटच्या लेन्समधून येणारा, सेन्सरबाहेर पडणारा जादाचा उजेड नळीत आत परावर्तित होऊन काळे रंग फिके पडतात, मंगेशीच्या पांढऱ्या दीपमाळेसमोर दुपारी हे लगेच दिसेल.

पण त्याआधी लेन्समधून टॉर्च मारून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, ती असेल तर आधी साफ करून घ्या.