येझदी ठेवावी की द्यावी?

वाचकांचे प्रश्न : दुचाकी

प्रश्न : माझे वय ७० आहे. १९७९ साली ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात नोकरीला लागलो आणि त्याच वर्षी जुनी राजदूत घेतली. १९८४ मध्ये ती गावाकडच्या एका दूधवाल्याला देऊन नवी येझदी रोडकिंग आणली. मुलांच्या शाळा सुरू झाल्यावर पेट्रोलचा खर्च परवडेना, म्हणून १९९१ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० घेतली. पुढे २००४ मध्ये पल्सर आली आणि निवृत्तीनंतर गिअर नसलेली स्कूटर. बाकीच्या गाड्या आल्या तशा गेल्या, येझदी मात्र मी विकली नाही. तिच्या नोंदणीची मुदत २०१४ मध्ये संपली आणि तेव्हापासून ती इमारतीच्या आवारात आच्छादनाखाली उभी आहे. आता आमच्या इमारतीचा पुनर्विकास होणार असल्याने जागा रिकामी करावी लागेल. मुलगा म्हणतो की पंधरा वर्षांपुढची गाडी कायद्याने भंगारातच द्यावी लागते. एका स्नेह्यांनी ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावी असे सुचवले आहे. माझा डावा गुडघा दुखतो आणि किक मारणे अवघड जाते. मी काय करावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण या पाच गाड्यांच्या क्रमात आपल्याकडील दुचाकीचा अर्ध्या शतकाचा प्रवास आला आहे. फरीदाबादला तयार होणारी राजदूत मूळच्या पोलिश गाडीवर बेतलेली होती आणि म्हैसूरची येझदी चेक जावावर. १९८४ ते १९८६ या अवघ्या दोन-तीन वर्षांत इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज या जपानी सहकार्याच्या १०० सीसी गाड्या आल्या आणि नोकरदार माणसाने पेट्रोलचा हिशेब मांडून आपल्यासारखाच निर्णय घेतला. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. आपली येझदी त्यानंतरही आपल्या आवारात राहिली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

प्रथम कायद्याविषयी. चिरंजीव जो नियम सांगतात तो दिल्ली आणि परिसरासाठी न्यायालयीन आदेशांतून आलेला आहे. महाराष्ट्रात तो लागू नाही. येथे खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर, गाडी तपासणीत योग्य ठरल्यास, दर खेपेस ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. आपण १९९९, २००४ आणि २००९ मध्ये तेच केले असणार, अन्यथा मुदत २०१४ पर्यंत पोचली नसती. आता नूतनीकरणाच्या शुल्काबरोबर पर्यावरण कर आणि विलंबाचा आकार भरावा लागेल, विमा व पीयूसी नव्याने घ्यावे लागेल आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीसाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयात न्यावी लागेल. मुदत संपलेली असल्याने ती चालवत नेऊ नये, टेम्पोत घालून न्यावी. आणखी एक गोष्ट म्हणजे, १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवून घ्यावी लागते. आपला जुना तीन अक्षरी क्रमांक त्या पाटीवर तसाच राहतो.

‘व्हिंटेज’ची सूचना सद्भावनेने केलेली असली तरी आपल्याला आज उपयोगाची नाही. २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाडीलाच ती नोंदणी मिळते. आपली येझदी तिथे २०३४ मध्ये पोचेल. शिवाय अशी नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती अशा मोजक्या कारणांखेरीज रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला रविवारी सकाळी उपवनपर्यंत गाडी न्यायची आहे, त्याने साधी नोंदणीच जिवंत ठेवावी.

आता यंत्राविषयी, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. आपल्या येझदीसारखी दहा-बारा वर्षे उभी असलेली टू-स्ट्रोक गाडी बाहेरून धडधाकट दिसली तरी तिच्या आत एक धोका असतो. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, कप्प्यात फक्त ऑइल असते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल मिसळलेले पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँकच्या कप्प्यात येते आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणून तो कप्पा हवाबंद असावाच लागतो, आणि ते काम क्रँकच्या दोन्ही टोकांचे रबरी ऑइल सील करतात. गाडी चालत असेपर्यंत सीलना ऑइल मिळत राहते. ती उभी राहिली की रबर कडक होते आणि त्याची पकड सुटते. एका बाजूने बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोलचे आणि त्याबरोबर ऑइलचे प्रमाण घटते, पिस्टन तापतो आणि शेवटी सिलिंडरमध्ये अडकतो. गिअरबॉक्सच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे ऑइल आत ओढले जाऊन जळते आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो. गाडी ‘धूर काढते’ म्हणून कार्बुरेटर खोलत बसणाऱ्यांचे लक्ष या कारणाकडे उशिरा जाते.

हे मी अनुभवाने लिहितो. माझीही एक टू-स्ट्रोक दोन पावसाळे उभी होती. पेट्रोल बदलले, प्लग साफ केला, दुसऱ्या किकला ती सुरू झाली, आणि मी आनंदाने घोडबंदर रस्त्याला लागलो. गायमुखच्या अलीकडे इंजिनाचा आवाज एकाएकी बसका झाला आणि मागचे चाक जागीच जाम झाले. हाताने क्लच दाबला गेला म्हणून चाक सुटले आणि मी पडलो नाही. मागून येणारा ट्रक दूर होता, एवढेच माझे भाग्य. त्या दिवसापासून टू-स्ट्रोक चालवताना माझी दोन बोटे कायम क्लचवर असतात, आणि उभी राहिलेली गाडी सील बदलल्याशिवाय मी कोणालाही चालवू देत नाही.

तेव्हा येझदीला लगेच किक मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा, एक दिवस तसेच मुरू द्या आणि मग गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवा. पिस्टन सहज वरखाली होतो का, एवढेच यातून पाहायचे आहे. टाकीतील उरलेसुरले पेट्रोल काढून टाका आणि टाकी आतून गंजली आहे का ते विजेरीने पाहा. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि आपल्या गाडीची पेट्रोलची नळी व कॉकमधील रबर या इंधनासाठी बनवलेले नाही. त्या नळ्या नव्या बसवाव्यात, आणि यापुढे पावसाळ्याआधी टाकी व कार्बुरेटर रिकामे करून टाकीच्या आत ऑइलचा हात फिरवावा. प्लास्टिकचे आच्छादनही आजच काढून ठेवा. ठाण्याच्या दमट हवेत त्याखाली वाफ धरते आणि क्रोमवर गंजाचे ठिपके येतात. सुती चादर पुरते.

यानंतर गाडी जुन्या येझदी-जावा उघडण्याची सवय असलेल्या मिस्त्रीकडे द्यावी. येझदी हे नाव २०२२ मध्ये बाजारात परत आले आहे, पण ती गाडी चार-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची आहे. तिचे सुटे भाग आपल्या गाडीला लागत नाहीत. सील, क्रँकचे बेअरिंग, प्लगला ठिणगी पुरवणारे पॉइंट व कंडेन्सर, केबली आणि ब्रेकचे लायनर हे सर्व एकाच वेळी करून घ्यावे. टायरवरील नक्षी शाबूत दिसली तरी टायर बदलावेत. त्यांच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. ते वाचले की आपल्यालाच पटेल.

राहिला गुडघा. येझदीची किक डावीकडे आहे आणि तोच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होतो, खाली बसला की गिअर, हे आपल्याला मी सांगायला नको. सील आणि पॉइंट नीट असलेली येझदी पहिल्या-दुसऱ्या किकला उठते. आपल्याला किक जड वाटते त्यात गुडघ्याचा वाटा किती आणि न उठणाऱ्या इंजिनाचा किती, हे दुरुस्तीनंतरच कळेल. तरीही दुखत असेल तर मधल्या स्टँडवर गाडी लावून, शेजारी उभे राहून उजव्या पायाने किक मारता येते. पुष्कळ जुने चालक तसेच करतात.

आता मूळ प्रश्न, ठेवावी की द्यावी. माझे मत असे, की पुढची पाच वर्षे महिन्यातून किमान दोनदा, इंजिन पूर्ण तापेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटर ती चालवणारे घरात कोणी असेल तरच ठेवावी. ते आपण असाल, चिरंजीव असतील किंवा नात असेल. उभ्या जागी पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवल्याने काही साधत नाही. उलट सायलेन्सरमध्ये पाणी आणि काजळी साचते. पुनर्विकासाच्या काळात भाड्याच्या घरी तिला छपराची जागा मिळणार नसेल आणि चालवणारेही कोणी नसेल, तर ती चालवणाऱ्या माणसाला द्यावी. ते करताना मनाला लागेल, हे मी जाणतो. परंतु आणखी दहा वर्षे आच्छादनाखाली राहिलेल्या येझदीतून पुढे कोणाला फारसे काही वाचवता येणार नाही.

देण्याचे ठरले तर आधी नोंदणीचे नूतनीकरण करा, मग नमुना २९ आणि ३० भरून नाव बदलल्याची खात्री झाल्यावरच किल्ली द्या. सही केलेले कोरे कागद देऊन मोकळे होऊ नका. नोंदणीवर ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. नव्या मालकाला एक गोष्ट मात्र तोंडाने सांगा, जी आपल्या पिढीला ठाऊक आहे आणि पुढच्या पिढीला कोणी सांगितलेली नाही. कसारा किंवा माळशेज उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गाडी सोडून द्यायची नाही. या इंजिनाला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळते, पेट्रोल थांबले की ऑइलही थांबते. म्हणून उतारावर अधूनमधून क्लच दाबून थोडे ॲक्सिलरेटर द्यायचे.

प्रश्न : माझ्या वडिलांनी पंचवीस वर्षे एकच बुलेट चालवली. गेल्या वर्षी ते वारले. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. मला ती स्वतः चालवायची आहे. मी आजवर फक्त स्कूटर चालवली आहे. भाऊ म्हणतो, हे तुझ्याने होणार नाही.
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : होईल. आधी कागद पाहू. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवल्यास वारसाला ३ महिने गाडी वापरता येते, आणि त्याच मुदतीत नमुना ३१ मध्ये नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. ती मुदत उलटली असली तरी अर्ज करता येतो; मात्र नाव बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. मृत्यूचा दाखला आणि आई व भावाचे संमतिपत्र तयार ठेवा. आपल्या परवान्यावर केवळ गिअर नसलेल्या दुचाकीची नोंद असेल तर गिअर असलेल्या मोटारसायकलची नोंद वाढवून घ्यावी लागेल.

नंतर गाडीजवळ जाऊन एकच गोष्ट पाहा : गिअरचा दांडा कोणत्या बाजूला आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजवीकडे आणि मागचा ब्रेक डावीकडे असे. पहिला गिअर वर आणि पुढचे खाली. वडिलांची गाडी तशी असेल तर शिकण्यासाठीही तीच वापरा. डाव्या गिअरच्या गाडीवर शिकून मग हिच्यावर बसलात, तर घाईच्या क्षणी पाय सवयीने ब्रेकऐवजी गिअरवर पडेल. स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात असल्याने आपल्या पायांना अजून कोणतीच सवय लागलेली नाही, आणि ही आपली जमेची बाजू आहे. किक मारताना डीकॉम्प्रेसरचा (सिलिंडरमधील दाब सोडणारा) लिव्हर दाबून ॲमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा मध्यावर आणायचा, लिव्हर सोडायचा आणि मग पाय पूर्ण खालपर्यंत न्यायचा. अर्धवट मारलेली किक उलटी येते आणि घोट्याला इजा करते. खारघरचे रुंद रस्ते रविवारी सकाळी सहा वाजता मोकळे असतात, तिथे महिनाभर सराव करा. वडिलांबरोबर गाडी चालवणारे कोणी स्नेही असतील तर त्यांना सोबत घ्या. त्या विशिष्ट गाडीच्या खोडी त्यांना माहीत असतील.

प्रश्न : वय ६४. चाळीस वर्षे मोटारसायकलवर काढली. आता जड गाडी देऊन हलकी घ्यावी का? सातारचे गाव सुटत नाही.
— एक वाचक, कळवा

उत्तर : घ्यावी, आणि वजनापेक्षा सीटची उंची आधी पाहावी. दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या पाहिजेत, कारण या वयात माणूस वेगात पडत नाही, चढावर थांबताना पडतो. इलेक्ट्रिक स्टार्ट आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेलीच घ्या. द्रुतगती मार्ग दुचाकीला बंद आहे, त्यामुळे पनवेल, खोपोली आणि शिंग्रोबाच्या देवळावरून जुन्या रस्त्यानेच घाट चढा, पहाटे निघा आणि लोणावळ्यात अर्धा तास थांबा. पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाचपाच वर्षांनीच वाढतो. निघण्यापूर्वी त्यावरील तारीख पाहून घ्या.