मेलाटोनिन किती, आणि किती वाजता?

प्रश्न : मुलगा 22 वर्षांचा आहे. रात्री अडीचशिवाय त्याचा डोळा लागत नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र साडेदहापर्यंत गाढ झोपतो. झोपायच्या वेळी मेलाटोनिनची 10 मिलिग्रॅमची गोळी घेतो. झोप लवकर येत नाहीच, उलट सकाळी डोकं जड असतं. मात्रा वाढवावी का?

उत्तर : वाढवू नका, उलट खूप कमी करा आणि वेळ बदला. सुट्टीत सलग आठ तास झोप लागते, म्हणजे त्याची झोप ठीक आहे. उशिरा चालतंय ते शरीराचं घड्याळ.

मेलाटोनिन हे गुंगीचं औषध नाही. मेंदूतली तांदळाच्या दाण्याएवढी पिनियल ग्रंथी ते रक्तात सोडते, तेव्हा शरीराला रात्र झाल्याचं कळतं. नेहमीच्या झोपेआधी साधारण दोन तास हा स्राव सुरू होतो. तुमच्या मुलाचा साडेबाराच्या सुमारास होत असणार. म्हणजे अडीचला गोळी पोटात जाते तेव्हा शरीराचा स्वतःचा निरोप आधीच पोहोचलेला असतो. शिवाय 10 मिलिग्रॅमने रक्तातली पातळी नैसर्गिकपेक्षा कितीतरी पट चढते आणि सकाळपर्यंत पुरती उतरत नाही. जडपणा त्याचाच.

घड्याळ अलीकडे ओढायला अर्धा मिलिग्रॅम पुरतो, पण तो सध्याच्या झोपेआधी चार-पाच तास, म्हणजे रात्री साडेनऊ-दहाला घ्यायला हवा. एवढी लहान गोळी मिळाली नाही तर साध्या 3 मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग चालेल. हळूहळू विरघळणारी गोळी मात्र तोडू नये. गोळीनंतर दिवे मंद ठेवावेत, मोबाइल बाजूला; प्रखर उजेडाने मेलाटोनिनचा स्राव दबतो. गाडी चालवू नये.

सकाळच्या उन्हाबाबत एक चूक हमखास होते. पहिल्याच दिवशी त्याला सहाला उठवून गच्चीवर पाठवू नका. त्याच्या शरीराच्या दृष्टीने ती अजून मध्यरात्र आहे आणि त्या वेळचा उजेड घड्याळ आणखी उशिरा ढकलतो. सुरुवात दहाला उठून अर्धा तास बाहेर बसण्यापासून करावी, मग दर दोन दिवसांनी उठणं आणि गोळी दोन्ही अर्धा तास अलीकडे आणावं. रविवारीही तीच वेळ.

वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं औषध), फ्लुवोक्सामिन (नैराश्यावरचं औषध) किंवा फिट्सची औषधं सुरू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. फ्लुवोक्सामिनमुळे यकृतात मेलाटोनिनचं विघटन मंदावतं आणि लहान मात्राही मोठी ठरते.